एकाच बांधणीत

इंडस्ट्रियल एरिया अकरा, शारजा.
यंत्र आलं पहाटे चारला. दिवसा एवढा ट्रेलर गल्लीत वळत नाही.
भिंत पाडावी लागली.
हुशंगशेठ भिंतीकडे बघत नव्हते, चेकबुक चाळत होते.
अठ्ठेचाळीस चेक, सगळ्यांवर पुढच्या तारखा.
इथे चेक परत आला की माणसाची झोप परत येत नाही.

त्याआधी इंपेलर म्हणजे असं असायचं:
सात पाती, आणि प्रत्येक पात्याला
कुणीतरी मागून हाक मारल्यासारखा पीळ.
आमच्या तीन अक्षांवर तो सहा वेळा बांधायचा.
व्हाइस खोल, जॉब फिरव, डायल लाव, झिरो घे.
पुन्हा खोल.
दर खेपेला दोन शतांश हरवायचे.
कुठे, ते दाखवता येत नाही.
पण सातव्या पात्यापाशी सगळे मिळून उभे राहायचे,
लग्नात न बोलावलेल्या भावकीसारखे.
मग घ्या फाइल, बसा घासत.

अवघड ड्रॉइंग आलं की शेठ चहा पाजून परत पाठवायचे.
ते काम जबल अलीला जायचं, तिथून कधी जर्मनीला,
आणि आठ आठवड्यांनी लाकडी पेटीत बसून
आमच्याच शेडसमोरून जायचं. शेठ पेट्या मोजायचे.

शेडला एसी बसला तोही यंत्रासाठीच. गरम झालं की ते चुकतं.
अकरा उन्हाळे आम्हीही चुकत होतो,
पण आमचं मॅन्युअल कुणी वाचलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात साडेआठशे दिरहमचं टूल मोडलं.
टेबल कललं, स्पिंडल खाली आला, एक आवाज,
नंतर कुणीच कुणाकडे बघेना.
कोट्टायमची लिन्सी रात्रभर पडद्यावर तोच जॉब
शंभरदा आपटत बसली, खरा पुन्हा आपटू नये म्हणून.
पोरगी माझ्या मुलीएवढी. मला म्हणाली,
भुपालभाई, आवाज कुठे बदलला ते तुम्ही सांगा, कोन मी बघते.
मी सांगितलं. तिसऱ्या पात्याच्या मुळाशी.
ते तिला पडद्यावर दिसलं नव्हतं.

आणि मग तो दिवस. एकदा बांधला,
पाच तास चाळीस मिनिटं कुणी हात लावला नाही.
टेबल कलत होतं, फिरत होतं,
पातं स्वतःहून टूलसमोर कुशीवर येत होतं.
गोड्या पाण्याच्या प्लांटचा इंजिनिअर आला,
सातही पाती मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली.
बोलला काहीच नाही. आणखी बाराची ऑर्डर लिहून गेला.
आता जबल अलीवाले फोन करतात,
आणि शेठ फोन दोन रिंग जास्त वाजू देतात.
चेक एकोणीस उरलेत.

माझी फिक्स्चर मात्र भंगारात गेली.
एकोणीस वर्षांची, प्रत्येकावर माझ्या हातचा पंच,
किलोवर. तीनशे बारा किलो भरली.
एक ठेवलंय, खोलीच्या दाराला टेकू म्हणून.

रात्रपाळीत काचेतून बघताना कधी वाटतं,
मलाही बऱ्याचदा खोलून बांधलंय.
कोल्हापूरला उद्यमनगरात, मग भोसरी, मस्कत, इथे.
दर खेपेला झिरो नवा घेतला.
दर खेपेला दोन शतांश.
गावी गेलो की धाकटी म्हणते,
बाबा, सारखं खलास खलास काय म्हणता?
तिच्या लेखी माणूस मेला की खलास.
इथे काम झालं की.

यंत्र थांबलं. दार सरकलं, कुलंटची वाफ.
शफीउल आत डोकावतो, खलास, भाई?
थांब, म्हटलं.
गार होऊ दे. मग मोजू.